नवें नाटक ऐकावें कसें?

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या गांवीं तीन दिवसांचा एक लहानसा नाट्योत्सव झाला. नाट्योत्सव म्हटला कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें मखमली पडदा, दिव्यांचा झगमगाट, रंगविलेले चेहरे आणि तिकिटाच्या खिडकीपाशीं चाललेली रेटारेटी उभी राहील. यांपैकीं येथें कांहींएक नव्हतें. वाचनालयाच्या वरच्या दालनांत मांडलेल्या साठ खुर्च्या, त्यांच्यासमोर अर्धवर्तुळांत आणखी पांच, त्या पांचांवर हातांत टंकलिखित कागद घेऊन बसलेलीं गांवांतील हौशी माणसें, आणि आजवर कोणत्याहि रंगमंचावर न आलेलीं पांच मराठी नाटकें, एवढाच काय तो सरंजाम. हीं नाटकें तेथें करून दाखविलीं नाहींत, वाचून दाखविलीं.

ही वार्ता प्रथम घरीं आली तेव्हां आमच्या धाकट्या बंधूंनीं विचारलें, "नाटक वाचावयाचेंच असेल तर तें घरीं आरामखुर्चींत पडून वाचतां येत नाहीं काय? त्यासाठीं उत्सव कशाला?" प्रश्न वाजवी होता, आणि खरें सांगावयाचें तर तो आमच्याहि मनांत होता. तीन दिवस त्या दालनांत बसून उठल्यावर त्याचें जें उत्तर आम्हांस सांपडलें तें वाचकांपुढें ठेवावें, हा या लेखाचा हेतु आहे. त्या उत्तरांत आमच्या एका जुन्या अपराधाचाहि वाटा आहे. तो योग्य स्थळीं सांगूं.

प्रथम या वाचनाची रीत. प्रत्येक नाटकास दोन तालमी दिलेल्या होत्या. तालमींत हालचाली बसवावयाच्या नाहींत. कोणीं कोणाचें वाक्य तोडावयाचें, कोठें थांबावयाचें आणि कोणता शब्द दाबून म्हणावयाचा, एवढेंच ठरवावयाचें. एक वाचक केवळ रंगसूचना वाचतो; 'दार उघडतें', 'ती औषधाची बाटली दिव्यापाशीं नेऊन पाहते' इत्यादि. बाकीचे भूमिका वाटून घेतात. नाटककार श्रोत्यांच्या मागच्या ओळींत बसतो. वाचन संपलें कीं चहा, आणि चहानंतर चर्चा. चर्चेचे नियम फळ्यावर लिहून ठेवले होते. श्रोत्यांनीं आपणांस काय दिसलें तें प्रथम सांगावें. मग आपलें लक्ष कोठें सुटलें तें सांगावें. मग नाटककार जे प्रश्न विचारील त्यांचीं उत्तरें द्यावींत. 'मी असतों तर असें लिहिलें असतें' हें वाक्य उच्चारण्यास सक्त मनाई. आणि आपली पाळी येईपर्यंत नाटककारानें तोंड उघडावयाचें नाहीं. कारण प्रयोगाच्या रात्रीं तो प्रत्येक प्रेक्षकाच्या कानाशीं बसून आपलें नाटक समजावून सांगूं शकणार नसतो.

या रीतींतील शहाणपण आमच्या हळूहळू ध्यानांत आलें. घरीं पुस्तक वाचतांना डोळे अवघड वाक्यावरून सहज घसरून पुढें जातात. जीभ तशी जात नाहीं. लेखकाला स्वतःच्या कानांत सुरेख वाटलेलें वाक्य दुसऱ्याच्या तोंडांत अडखळलें कीं दोष कोठें आहे हें टीकाकारानें सांगावें लागत नाहीं. खुर्च्या करकरूं लागल्या कीं प्रवेश लांबला असें समजावें. सर्वांची चुळबुळ एकदम थांबली तर तेथें कांहीं तरी गवसलें असें समजावें. शिवाय नेपथ्य उभें राहिलें, नाट्यगृहाचें भाडें भरलें आणि महिनाभर तालमी झाल्या, कीं नाटकांत फेरफार करणें सर्वांच्याच जिवावर येतें. कागदावरील नाटक मात्र एका रात्रींत बदलतां येतें. तसें तें बदललेलें आम्हीं या उत्सवांत प्रत्यक्ष पाहिलें.

ही चाल परकी आहे असें मानण्याचें कारण नाहीं. आमच्या जुन्या नाटकमंडळ्यांत नवें नाटक नाटककारानें आधीं मंडळीसमोर वाचून दाखवावें, असा प्रघातच होता. अपुरें नाटक लोकांपुढें ठेवण्यास अण्णासाहेब किर्लोस्करहि कचरले नाहींत. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास संगीत शाकुंतलाचा जो पहिला प्रयोग झाला, तो सात अंकांपैकीं पहिल्या चार अंकांचाच होता. उरलेले अंक मागाहून आले. पुढें १९५४ सालीं राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली आणि १९६३ सालीं पुण्यास महाविद्यालयांसाठीं पुरुषोत्तम करंडक आला. या दोहोंनीं हौशी मंडळींस नवें लिहिण्याची ओढ लावली. परंतु स्पर्धेंत निकाल लागतो, आणि निकाल लागला कीं हरलेलें नाटक सुधारावयास कोणी बसत नाहीं. ही उणीव ओळखून पुण्याच्या थिएटर अकादमीनें १९८० नंतरच्या दशकांत, सतीश आळेकर यांच्या पुढाकारानें, नव्या नाटककारांस घडविण्यासाठीं स्वतंत्र योजना चालविली होती.

परदेशांतील एक उदाहरण येथें सांगण्याजोगें आहे. अमेरिकेंत कनेक्टिकट राज्यांत वॉटरफर्ड म्हणून समुद्रकांठचें एक गांव आहे. तेथें जॉर्ज व्हाइट यांनीं १९६४ सालीं, त्या देशाचे श्रेष्ठ नाटककार यूजीन ओनील यांच्या नांवें एक नाट्यकेंद्र स्थापिलें, आणि दुसऱ्या वर्षापासून दर उन्हाळ्यांत नव्या नाटककारांची परिषद भरूं लागली. नट हातांत संहिता घेऊन थोड्याशा सामानानिशीं नाटक सादर करतात, आणि नाटककार तेथेंच राहून त्यांत फेरफार करतो. ऑगस्ट विल्सन या कृष्णवर्णीय लेखकाचीं नाटकें या परिषदेनें प्रथम अनेक वेळां परत पाठविलीं. तो पुन्हां पुन्हां पाठवीत राहिला. शेवटीं १९८२ सालीं त्याचें 'मा रेनीज् ब्लॅक बॉटम' हें नाटक तेथें वाचलें गेलें, १९८४ सालीं तें न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर पोंचलें, आणि पुढें त्या लेखकास पुलित्झर पारितोषिक दोन वेळां मिळालें. परत आलेलें हस्तलिखित पाहून त्यानें लेखणी खालीं ठेविली असती तर काय झालें असतें, हा विचार आमच्या मनास फार लागला. त्याचें कारण आतां सांगतों.

सुमारें तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या शाळेंतून उत्तीर्ण होऊन नोकरीस लागलेला एक विद्यार्थी एके संध्याकाळीं घरीं आला आणि एक शंभरपानी वही आमच्या पुढें ठेवून म्हणाला, "सर, नाटक लिहिलें आहे. जरा पाहाल का?" आम्हीं वही ठेवून घेतली. नाटकांतील माणसें आमच्या नदीकांठच्या मळ्यांत राबणारीं होतीं, आणि तीं आपल्याच बोलींत बोलत होतीं. आम्ही व्याकरणाचे शिक्षक. आठ दिवस आम्हीं रोज रात्रीं तांबडी शाई घेऊन ती वही तपासली. 'व्हतं' तेथें 'होतें' केलें. 'न्हाई' तेथें 'नाहीं' केलें. अर्धींमुर्धीं वाक्यें कर्ता, कर्म, क्रियापद लावून पुरीं केलीं. शेवटीं 'कल्पना बरी. भाषा शुद्ध करून आणावी' असा शेरा मारला आणि मोठ्या आपुलकीनें वही परत दिली. तो नमस्कार करून गेला. तें नाटक आम्हांस पुन्हां कधीं दिसलें नाहीं. त्यांतील एकहि वाक्य आम्हीं मोठ्यानें म्हणून पाहिलें नव्हतें, हें आतां आठवतें.

हाच विद्यार्थी आज पन्नाशी ओलांडून गेलेला असून या उत्सवाचा मुख्य चालक आहे. निमंत्रण घेऊन तोच घरीं आला. चर्चेचा आरंभ आम्हीं करून द्यावा अशी त्यानें विनंति केली, आणि उंबऱ्यापाशीं चपला घालतांना हंसून म्हणाला, "सर, तांबडें पेन तेवढें घरीं ठेवून या." आम्हीहि हंसलों. रात्रीं मात्र झोंप लवकर आली नाहीं.

पहिल्या दिवशीं बँकेंत काम करणाऱ्या एका गृहस्थांचें नाटक वाचलें गेलें. वडिलोपार्जित वाडा विकावयाचा आहे, चार भाऊ सह्या करण्यासाठीं जमले आहेत, असा विषय. वाचन संपतांच एका श्रोत्यानें सांगितलें, "महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'नें हें सर्व १९८५ सालींच सांगून ठेविलें आहे." दालनांत थोडी कुजबुज झाली. परंतु दुसऱ्या एका बाईंनीं म्हटलें, "माझें लक्ष वाड्याकडे नव्हतें. तो तिसरा भाऊ प्रत्येक वेळीं उठून पाण्याचा नळ बंद आहे कीं नाहीं तें पाहून येतो, त्याच्याकडे होतें." लेखकानें तें टिपून घेतलें. आपली वही नव्या ठिकाणीं कोठें आहे, हें त्यास त्या क्षणीं कळलें असावें. कारण आपली पाळी आली तेव्हां त्यानें त्या तिसऱ्या भावाविषयींच चार प्रश्न विचारले.

दुसऱ्या दिवसाचें नाटक आमच्याच आळींतील एका घरच्या मधल्या सूनबाईंनीं लिहिलेलें होतें. त्यांचें वय पन्नाशीच्या पुढें. आजवर हळदीकुंकवाच्या निमंत्रणापलीकडे त्यांनीं कांहीं लिहिलेलें कोणास ठाऊक नव्हतें. नाटकांत दोन जावा आहेत. सासूबाई दीड वर्ष अंथरुणाला खिळलेल्या आहेत. रात्रीचे दोन वाजले आहेत. जावा दोन बाजूंना बसून हलक्या आवाजांत हिशेब करीत आहेत: गेल्या आठवड्यांत कोण किती वेळां उठली, चादर कोणीं बदलली, नणंद आली तेव्हां तिनें कोणाची स्तुति केली, आणि मुलगे शेजारच्या खोलींत कसे स्वस्थ झोंपले आहेत. भांडण मोठ्यानें होत नाहीं. कारण सासूबाई जाग्या होतील. एवढेंच नाटक, पाऊण तासाचें.

वाचन संपल्यावर बराच वेळ कोणी बोलेना. मग पहिल्या ओळींतील एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, "घरच्या गोष्टी अशा चव्हाट्यावर मांडणें शोभतें काय?" आम्ही चर्चेचे चालक. आमच्या ओठांवरहि जवळजवळ तेंच वाक्य होतें. कारण आमच्या मातोश्रींच्या अखेरच्या दुखण्यांत आमच्या घरांतहि रात्री होत्या, आणि त्या रात्रीं आम्हीहि शेजारच्या खोलींतच होतों. फळ्यावरील नियमाकडे बोट दाखवून आम्हीं एवढेंच म्हटलें, "आपणांस काय दिसलें तें आधीं सांगावें." गृहस्थ थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "मला माझी बायको दिसली." आणि खालीं बसले.

त्यानंतर जें घडलें त्यासाठींच हा लेख लिहिण्याची बुद्धि झाली. मागच्या ओळींत नातीचा हात धरून आलेल्या, ऐंशीच्या घरांतल्या एक आजीबाई होत्या. त्या बसल्या जागेवरून लेखिकेस म्हणाल्या, "बाई गं, तुझ्या त्या जावा खऱ्या आहेत. पण तूं सासूला झोंपवून ठेवलीस. पडलेलें माणूस रात्रीं दोन वाजतां झोंपलेलें नसतें. डोळे मिटून सगळें ऐकत असतें. दोन वर्षांमागें पाय मोडून मी चार महिने पडून होतें, मला ठाऊक आहे." लेखिका कांहीं बोलल्या नाहींत. नियमच होता. त्यांची पाळी आली तेव्हां त्यांनीं आजींना एकच प्रश्न विचारला: "ऐकतांना राग येतो काय हो?" आजी म्हणाल्या, "राग कसला? दोघींपैकीं कोणाला हांक मारावी याची पंचाईत पडते. पाणी हवें असतें."

तिसऱ्या दिवशीं सकाळच्या वाचनापूर्वीं लेखिकेनें नवीं चार पानें आणून चालकाच्या हातांत ठेविलीं. रात्रीं घरचें सारें आटोपल्यावर बसून लिहिलेलीं. जावांचें संभाषण बहुतेक तेंच होतें. फक्त रंगसूचना वाचणाऱ्यानें आरंभींच सांगितलें कीं सासूबाईंचे डोळे उघडे आहेत आणि दोघींच्याहि पाठी त्यांच्याकडे आहेत. आदल्या दिवशीं जीं वाक्यें ऐकून लोक हंसले होते, त्याच वाक्यांना आज कोणी हंसलें नाहीं. दहाव्या मिनिटाला सासूबाई 'पाणी' हा एकच शब्द बोलतात. कोणाचें नांव घेत नाहींत. दोघी एकदम उठतात. आमच्या बंधूंच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस येथें मिळालें. आरामखुर्चींत एकट्यानें वाचून त्या नाटकांतील सासू जागी झाली नसती.

शेवटचें नाटक एका तरुणाचें, आमच्या नदीकांठच्या बोलींतलें. पहिल्या दोन पानांत आमचा हात नकळत खिशाकडे गेला. खिशांत पेन नव्हतें. मग कान देऊन ऐकूं लागलों तेव्हां कळूं लागलें कीं ज्या वाक्यांना आम्ही जन्मभर अर्धवट समजत आलों तीं अर्धवट नाहींत. बोलणाराला पुढचा शब्द सांगावयाचा नसतो, म्हणून तो तेथें थांबतो. कर्ता, कर्म, क्रियापद लावून तें वाक्य पुरें केलें तर त्या माणसाची लाज उघडी पडते. हें व्याकरण आम्हांस कोणीं शिकविलें नव्हतें, आणि आम्हींहि कोणास शिकविलें नाहीं.

घरीं आल्यावर आम्हीं भरतमुनींचें नाट्यशास्त्र पुन्हां उघडलें. नाट्यसिद्धीच्या प्रकरणांत मुनींनीं नाटकाचे परीक्षक सांगितले आहेत. त्यांना ते प्राश्निक म्हणतात. ते एक नव्हेत, दहा आहेत: यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, शब्द जाणणारा, राजा, धनुर्विद्या जाणणारा, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक. प्रत्येकानें आपापल्या विषयापुरता निर्णय द्यावयाचा. म्हणजे आम्हां वैयाकरणांचें आसन त्या सभेंत आहे खरें. परंतु तें दहांपैकीं एक. तीस वर्षांपूर्वीं त्या वहीपुढें आम्ही दहाहि आसनांवर एकटेच बसलों होतों. पूर्णपणें निर्दोष किंवा पूर्णपणें निर्गुण असें कांहीं असतच नाहीं, म्हणून लहानसहान दोषांवरून प्रयोगास धरूं नये, असाहि मुनींचा अभिप्राय त्याच प्रकरणांत आहे. हा ग्रंथ आमच्या कपाटांत तेव्हांहि होता.

कालिदासाची आठवण तर येणारच. मालविकाग्निमित्राच्या प्रस्तावनेंत, वसंतोत्सवासाठीं नवें नाटक करावयाचें ठरलें असतां, सूत्रधाराचा सहकारी शंका काढतो, कीं भास, सौमिल्ल, कविपुत्र असे नामांकित कवि असतां आज हयात असलेल्या कालिदासाचें नाटक कशासाठीं? सूत्रधार त्यास बजावतो कीं केवळ जुनें म्हणून चांगलें आणि नवें म्हणून वाईट असें नसतें, पारखून घ्यावें. आज आम्ही ज्यास अभिजात म्हणून मस्तकीं धरतों तो कालिदासहि एके काळीं परीक्षेस बसलेला नवा लेखक होता. त्या दिवशीं सभेनें ऐकून घेतलें, म्हणून आपणांस तो मिळाला.

आतां वाचकांस एक सुचवावेंसें वाटतें. आपलीं घरें अजून माणसांनीं भरलेलीं आहेत. ज्या घरांत आजोबांपासून नातवंडांपर्यंत सातआठ माणसें रात्रीं एके ठिकाणीं जेवतात, त्या घरांत नाटकाचीं सर्व पात्रें आयतींच हजर आहेत. महिन्यांतून एका रविवारीं एक नवी एकांकिका आणावी, भूमिका वाटून घ्याव्यात, आणि वाचावी. घरांतील सर्वांत वडील माणसानें रंगसूचना वाचाव्यात. म्हणजे त्यास मधें बोलण्यास अवसर मिळत नाहीं. नंतर काय दिसलें तें लहानांनीं आधीं सांगावें, मोठ्यांनीं मागाहून. खर्च चहापुरता.

उत्सव संपल्यावर खुर्च्या आवरल्या जात होत्या तेव्हां आम्हीं त्या आमच्या विद्यार्थ्यास बाजूला बोलावून विचारलें, "अरे, ती वही कोठें आहे? पुढील वर्षीं ती वाचूं या." तो खुर्च्या एकींत एक घालीत होता. हात न थांबवितां म्हणाला, "घर बदललें तेव्हां रद्दींत गेली सर. आतां आठवत पण नाहीं कांहीं." त्याच्या बोलण्यांत रोष नव्हता. तो पुढें म्हणाला, "पुढल्या वर्षीं आठ नाटकें घेऊं म्हणतों. तुम्ही याल ना?" आम्हीं हो म्हटलें, आणि त्याच्याबरोबर खुर्च्या उचलूं लागलों.

वाचकहो, आपल्या घरांत कोणाच्या कपाटांत, कोणाच्या गादीखालीं, कोणाच्या स्वयंपाकघरांतील फडताळांत अशी एखादी वही असेल. ती तपासावयास मागूं नका. ती वाचून दाखवावयास सांगा, आणि ती वाचून होईपर्यंत स्वस्थ बसून ऐका.